‘१’च्या पुढचे आकडेही मतच असतात

मा. विभागीय आयुक्त, नागपूर विभाग,
तथा निवडणूक निर्णय अधिकारी, नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ, यांस,



२०२० च्या डिसेंबरात निवडून आलेल्या पदवीधर आमदारांची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात पुरी होते. म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या पदवीधरांच्या हातात पुन्हा एकदा ती लांबलचक मतपत्रिका पडणार. मागच्या खेपेला तिच्यावर १९ नावं होती. या खेपेला किती राहतील ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर कळेल, पण गर्दी असणार हे धरून चालायला हरकत नाही. त्या गर्दीतून आपला माणूस कसा निवडायचा, पसंतीचे आकडे कसे आणि कुठवर लिहायचे, हे मतदारांना हाताला धरून शिकवण्याचं काम आपल्या कार्यालयाने मतदानाच्या पुष्कळ आधी सुरू करावं, या विनंतीसाठी हे पत्र. ते खुलं लिहिते आहे, कारण यातलं निम्मं सांगणं आपल्यासाठी आहे आणि निम्मं माझ्यासारख्या मतदारांसाठी.

लोकसभा-विधानसभेला आम्ही एक बटण दाबतो. महापालिकेला प्रभाग पद्धतीमुळे चार बटणं दाबावी लागतात. पदवीधर मतदारसंघाची रीत या दोन्हींहून वेगळी आहे. यंत्र नाही, चिन्ह नाही. कागदाची मतपत्रिका, उमेदवारांची नावं, आणि प्रत्येक नावासमोर पसंतीक्रमाचा मोकळा रकाना. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेनानेच त्या रकान्यात आकडे लिहायचे. ही रीत कुणाच्या लहरीतून आलेली नाही. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदात विधान परिषदेच्या या जागांसाठी एकल संक्रमणीय मताची पद्धत सांगितलेली आहे. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत, त्यांतले सात पदवीधरांचे आणि सात शिक्षकांचे. या चौदा जागांवर सामान्य नागरिकाला देशातल्या इतर बहुतेक निवडणुकांत नसलेला एक अधिकार मिळतो. हा पहिला, तो नसेल तर हा दुसरा, तोही नसेल तर हा तिसरा, असं सांगण्याचा तो अधिकार आहे.

आणि नेमका तोच अधिकार आम्ही वापरत नाही.

मतदान केंद्राबाहेर उभं राहून नुसतं ऐकलं तरी हे कळतं. ‘एकच टाकायचा नं जी?’ असं विचारणारे पदवीधर भेटतात. ‘मी तं एक लिहिला आन् आलो. बाकीच्याले काहून लिहू?’ असं समाधानाने सांगणारेही भेटतात. यांत प्राध्यापक असतात, वकील असतात, अभियंते असतात. प्रचाराची पत्रकंही तेच शिकवतात. अमुक नावासमोर १ लिहा, एवढाच मजकूर. दुसऱ्या पसंतीबद्दल अवाक्षर नाही. आपण २ लिहिला तर आपल्या पहिल्या माणसाचं नुकसान होईल, अशी भीती मनात घर करून बसलेली असते, आणि ती कुणी काढत नाही.

ती भीती निराधार आहे. का, ते समजायला मतमोजणीच्या टेबलावर एकाच मतपत्रिकेच्या मागे चालत जावं लागेल.

समजा, एका मतदाराने एका तरुण अपक्षासमोर १ लिहिला, एका शिक्षण संस्थेत काम केलेल्या बाईंसमोर २, आणि एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारासमोर ३. सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, गठ्ठे होतात, आणि ही मतपत्रिका टेबलावर येते. मोजणी करणारा कर्मचारी ती उचलून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवतो आणि अपक्षाच्या कप्प्यात ठेवतो. सगळी मोजणी झाल्यावर वैध मतांची बेरीज निघते. तिच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. पहिल्या पसंतीतच कुणी तो गाठला तर निवडणूक तिथेच संपली. गाठला नाही, तर सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याचा कप्पा उघडला जातो. असे एकेक जण बाद होत होत आपल्या अपक्षाची पाळी येते. आता त्याच्या कप्प्यातली ही मतपत्रिका पुन्हा हातात घेतली जाते आणि तिच्यावरचा २ शोधला जातो. ती बाईंच्या कप्प्यात जाते, पूर्ण एक मत म्हणूनच जाते. पुढच्या फेऱ्यांत बाईही बाद झाल्या, तर ३ शोधला जातो आणि ती मोठ्या पक्षाच्या उमेदवाराकडे पोचते. २ वाचला जातो तो १ वाला बाद झाल्यानंतरच. पहिला माणूस रिंगणात आहे तोवर दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतही नाही. मग दुसऱ्या पसंतीने पहिल्याचं नुकसान होणार कसं?

हीच मतपत्रिका नुसता १ लिहून पेटीत टाकलेली असती, तर अपक्ष बाद झाल्याक्षणी ती बाजूला निघाली असती. उरलेल्या फेऱ्यांत, खरा निकाल ठरताना, त्या मतदाराचं म्हणणं मोजलंच गेलं नसतं.

१ डिसेंबर २०२० ला नागपूर विभागात मतदान झालं, ३ डिसेंबरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात मोजणी सुरू झाली. गंगाधरराव फडणवीस, नितीन गडकरी यांच्यासारख्यांनी ज्या मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलं, तिथे त्या वेळी काँग्रेसचे अभिजित वंजारी आणि भाजपचे, तेव्हाचे महापौर, संदीप जोशी यांच्यात मुख्य सामना होता. एकूण उमेदवार १९. नोंदणी दोन लाखांवर, मतदान सव्वा लाखाच्या पुढे. पहिल्या पसंतीत कोटा कुणालाच गाठता आला नाही, बाद फेऱ्या घ्याव्या लागल्या आणि वंजारी अठरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. निकाल स्पष्ट होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला टोचतो तो दुसराच आकडा. त्या निवडणुकीत अकरा हजारांवर मतपत्रिका अवैध ठरल्या. शंभर पदवीधर रांगेत उभे राहिले, तर त्यांतल्या आठांहून अधिक जणांचं मत मोजलंच गेलं नाही.

तसं होण्याची कारणं नियमांत लिहिलेली आहेत आणि ती साधी आहेत. १ हा आकडाच नसणं. दोन नावांसमोर १ लिहिणं. एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही लिहिणं. आकड्याऐवजी बरोबरची खूण करणं, किंवा अक्षरात ‘एक’ लिहिणं. सही करणं, नाव लिहिणं, अंगठा उठवणं. दिलेला पेन सोडून खिशातला पेन काढणं. प्रभागात चार बटणं दाबायची सवय लागलेला मतदार चार नावांसमोर चार वेळा १ लिहून मोकळा झाला, तर त्याचाही कागद बाद. यांतली कोणती चूक किती जणांनी केली, हे कळलं तर पुढच्या वेळी नेमकं काय शिकवायचं ते ठरवता येईल.

शेजारच्या अमरावती विभागाने तर पसंतीक्रमाचं बळ उघड दाखवून दिलं आहे. त्याच डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या शिक्षक मतदारसंघात २७ उमेदवार होते. अपक्ष किरण सरनाईक पहिल्या पसंतीत पुढे होते, पण त्यांची मतं होती सहा हजारांच्या आसपास आणि कोटा होता पंधरा हजारांच्या घरात. एकेक उमेदवार बाद होत गेला, त्यांच्या मतपत्रिकांवरचे २, ३, ४ वाचले गेले, मोजणी लांबत गेली आणि अखेर सरनाईक निवडून आले. सहा हजारांपासून कोट्यापर्यंतचं अंतर दुसऱ्यांना पहिली पसंती दिलेल्या शिक्षकांनी भरून काढलं. त्या शिक्षकांनी नुसता १ लिहिला असता, तर वैध मतांच्या पाचव्या हिश्श्यावरच निकाल लागण्याची वेळ आली असती.

तिथल्याच पदवीधर मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ ला मतदान झालं, तेव्हा २३ उमेदवार होते. मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली. अवैध ठरलेल्या मतांची फेरतपासणी झाली. शेवटपर्यंत कोटा कुणाला गाठता आला नाही आणि धीरज लिंगाडे यांनी माजी राज्यमंत्री रणजित पाटील यांचा तीन हजारांच्या थोड्या वर मतांनी पराभव केला. अवैध मतं आठ हजारांवर होती. म्हणजे विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त कागद बाजूला पडले होते. शिवाय वैध असूनही पुढची पसंती नसल्याने वाटेत थांबलेल्या मतपत्रिका वेगळ्याच.

त्याच दिवशी आपल्या नागपूर विभागातल्या शिक्षक मतदारसंघातही मतदान झालं. तिथे २२ उमेदवार होते, पण सुधाकर अडबाले पहिल्याच पसंतीत कोटा ओलांडून गेले आणि दुसऱ्या पसंतीला हात लावायची वेळ आली नाही. असंही होतं. पण ते झाल्यावर कळतं. जांभळा पेन हातात असताना कुणालाही ठाऊक नसतं की या खेपेला आपला २ उघडला जाईल की नाही. म्हणून तो लिहून ठेवलेला बरा.

याच पद्धतीने आपल्या देशाचा राष्ट्रपती निवडला जातो आणि त्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत १५ उमेदवार होते. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांची झुंज सगळ्यांना आठवते. तिसरे होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे माजी अर्थमंत्री. सनदी सेवेतली त्यांची उमेदीची वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली, ज्याची राजधानी हे आपलं नागपूर होतं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोटा होता ४,१८,१६९. गिरी त्याला साडेसोळा हजारांनी कमी पडले. मग देशमुखांच्या आणि बाकीच्या उमेदवारांच्या मतपत्रिका उघडल्या गेल्या. त्यांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, ९१ हजारांवर. गिरींकडे आले साडेअठरा हजार. पण गिरींना तेवढेच पुरेसे होते. अखेर ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असा निकाल लागला.

मला या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांना कुणी म्हणू शकलं नाही की तुम्ही मत वाया घालवलंत. त्यांनी आपल्याला सर्वांत योग्य वाटला त्या माणसाला १ दिला, आणि तो येत नसेल तर गिरी की रेड्डी, हेही सांगून ठेवलं. देशाचा राष्ट्रपती अखेर त्यांच्या दुसऱ्या आकड्याने ठरला. आणि ज्यांनी पुढचा आकडा लिहिलाच नव्हता, त्यांचं सुमारे १० हजार ८०० इतकं मतमूल्य शेवटच्या बेरजेत कुठेच नव्हतं. खासदार-आमदारांच्या निवडणुकीतसुद्धा हे घडलं. मग पदवीधराला आपोआप सगळं समजत असेल, हे आपण कशाच्या आधारावर मानतो?

ज्यांच्याकडे गर्दी आहे पण पसंतीक्रम नाही, त्यांची अवस्थाही बघण्यासारखी आहे. अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून १७ प्रमुख इच्छुक उतरले होते. न्यू हॅम्पशायरमध्ये डोनाल्ड ट्रम्प सुमारे ३५ टक्के मतांवर पहिले आले. उरलेली मतं बाकीच्यांत विखुरली आणि त्या मतदारांची दुसरी निवड कोण होती, हे मतपत्रिकेने विचारलंच नव्हतं. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे वीसहून अधिक इच्छुक होते. ३ मार्चला एकदम अनेक राज्यांत मतदान होतं आणि त्याच्या दोनच दिवस आधीपासून पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेतली. ज्यांनी टपालाने किंवा आगाऊ मतदान करून त्यांना मत दिलं होतं, त्यांच्या हातात काही उरलं नाही. त्याच वर्षी हवाई, अलास्का, कॅन्सस आणि वायोमिंग या राज्यांत पक्षाने पसंतीक्रमाने मतं घेतली. तिथे आपला उमेदवार मागे पडला तरी मत पुढच्या पसंतीकडे सरकत होतं.

मात्र पद्धत आणली म्हणजे काम झालं असंही नाही. न्यूयॉर्क शहरात जून २०२१ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत १३ नावं होती आणि मतदाराला पाच पसंती देता येत होत्या. एरिक ॲडम्स यांनी कॅथरीन गार्सिया यांना शेवटच्या फेरीत अवघ्या ७,१९७ मतांनी हरवलं. त्या फेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका संपून गेल्या होत्या, कारण त्यांच्यावर ॲडम्स किंवा गार्सिया यांच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं. हा आकडा आपल्याला कळू शकतो, कारण तिथे प्रत्येक फेरीचा हिशेब लोकांपुढे मांडला जातो. त्यातून लोक शिकलेही. २०२५ च्या महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत जोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या समर्थकांना जाहीरपणे सांगितलं की पहिली पसंती मला द्या, दुसरी त्यांना द्या. आपल्याकडे एका व्यासपीठावर असं बोलणारे दोन उमेदवार अजून माझ्या पाहण्यात नाहीत.

आता थोडं माझ्या मतदार बंधू-भगिनींसाठी. मी माझी मतपत्रिका कशी भरणार, ते सांगते. कुणाला ते पटेल, कुणाला नाही.

आधी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचीन. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, सगळं त्यात असतं आणि ते सर्वांसाठी खुलं असतं. मग प्रत्येकाला तीन प्रश्न लावीन. स्पर्धा परीक्षा आणि भरती रखडते तेव्हा या माणसाने आजवर काय केलं? तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि २०११ मध्ये झालेलं गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, इथल्या पदवीला बाजारात किंमत यावी म्हणून याच्याकडे काही ठोस सांगण्यासारखं आहे का? आणि १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या दारात येतं, त्या दिवसांत हा माणूस सभागृहात विदर्भाचे प्रश्न विचारेल की नुसता सत्कार घेत फिरेल? पदवीधर आमदाराचं खरं काम प्रश्न विचारणं, विधेयकं वाचणं आणि सरकारला उत्तर द्यायला लावणं हे आहे. वॉर्डातला रस्ता दुरुस्त करून देणं हे त्याचं मोजमाप नव्हे.

एवढं झालं की नावांचे तीन गट करीन. हवेत ते, चालतील ते आणि नकोत ते. पहिल्या गटात १, २ असे आकडे देईन, तिथून पुढे दुसऱ्या गटात ३, ४, ५. आकडा मध्येच गाळणार नाही, कारण १, २ नंतर थेट ४ लिहिला तर मतपत्रिका दोनपर्यंतच वाचली जाते. तोच आकडा दोनदा लिहिणार नाही, कारण दोन ठिकाणी ३ आला तरीही वाचन दोनवरच थांबतं. तिसऱ्या गटासमोरचे रकाने कोरे सोडीन. १९ च्या १९ आकडे भरलेच पाहिजेत असा नियम नाही आणि जो मला मुळीच नको त्याला माझ्या हाताने सतरावा क्रमांक तरी का द्यावा?

एक खबरदारी मात्र घेईन. शेवटी ज्या दोघा-तिघांत लढत उरण्याची शक्यता आहे, त्यांतला त्यातल्या त्यात बरा कोण, याचं उत्तर माझ्या आकड्यांत कुठेतरी असेल. तो माझ्यासाठी चौथा असेल, पाचवा असेल, पण असेल. माझा पहिला माणूस लहान पक्षाचा असो की अपक्ष, त्याला मी बेधडक १ देईन. ‘तो कुठे निवडून येतो, कशाला मत वाया घालवता’ हा सल्ला या मतदारसंघात लागूच होत नाही. मनापासूनचा माणूस पहिला आणि व्यवहारातला माणूस पुढे, दोन्ही एकाच कागदावर बसतात. ही सोय आपल्याला मिळाली आहे आणि ती न वापरणं मला हातचं सोडण्यासारखं वाटतं.

आयुक्त महोदय, यावर काही आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. एक म्हणजे, मतदार पदवीधर आहेत, त्यांना काय शिकवायचं? अकरा हजार अवैध मतपत्रिका हे त्याचं उत्तर आहे. पदवी असणं वेगळं आणि सहा वर्षांतून एकदा वापरायची रीत ध्यानात असणं वेगळं. शिवाय दर निवडणुकीला यादी नव्याने होते, नमुना १८ भरून नव्याने नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे प्रत्येक वेळी कित्येक जण ही मतपत्रिका आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतात. दुसरा आक्षेप असा की केंद्रावर सूचना लावलेल्या असतात. असतात, पण रांगेतून आत आलेला माणूस भिंतीवरची बारीक अक्षरं किती वाचणार? आणि त्या सूचना वैध मत कसं द्यावं ते सांगतात, पुढच्या पसंतीचा उपयोग काय ते समजावत नाहीत. तिसरा आक्षेप निःपक्षपातीपणाचा. दुसरी पसंती द्या, असं सरकारी कार्यालयाने सांगणं म्हणजे कुणाची बाजू घेणं होईल का? मला तसं वाटत नाही. कुणाला द्या हे सांगणं म्हणजे बाजू घेणं. मतपत्रिका मोजली कशी जाते हे सांगणं हे तर कार्यालयाचं कर्तव्यच आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, सहाही जिल्ह्यांत नमुना मतपत्रिकेचा सराव घ्यावा. महाविद्यालयं, सार्वजनिक वाचनालयं, वकिलांच्या संघटना, जिल्हा परिषदा, मोठी रुग्णालयं, जिथे पदवीधर एकत्र येतात तिथे. काल्पनिक नावांची मतपत्रिका द्यावी, लोकांना आकडे लिहू द्यावेत आणि त्यांच्या समोरच तिची मोजणी करून दाखवावी. एका तासाच्या कार्यक्रमात चार उमेदवार बाद करून दाखवले, तर जे दहा पत्रकांनी समजत नाही ते समजेल. हा सराव नागपुरापुरता राहू नये. कोरची, भामरागड, देवरीच्या पदवीधरापर्यंत तो पोचला पाहिजे.

दुसरी, अवैध मतांचं वर्गीकरण करून ते जाहीर करावं. किती कोऱ्या होत्या, किती जणांनी खूण केली, किती ठिकाणी १ दोनदा आला, किती जणांनी सही केली. मोजणीच्या टेबलावर प्रत्येक संशयित मतपत्रिकेवर निर्णय द्यावाच लागतो. त्या निर्णयाचं कारण नोंदवायला फार वेळ लागणार नाही.

तिसरी, फेरीनिहाय तक्ता निकालाबरोबरच मराठीत, सहज सापडेल आणि वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावा. कोणता उमेदवार कोणत्या फेरीत बाद झाला, त्याची किती मतं कुणाकडे गेली आणि किती मतपत्रिका पुढची पसंती नसल्याने थांबल्या. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो दिसला की पक्षांनाही कळेल की नुसता १ मागून आपण काय गमावतो, आणि मतदारांनाही.

चौथी, चिन्हवाटप नसलेल्या या निवडणुकीत नाव आणि छायाचित्रावरच मतदाराची भिस्त असते, तेव्हा सगळ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आणि थोडक्यात ओळख विभागाच्या संकेतस्थळावर एकाच पानावर, सारख्याच जागेत, सारख्याच क्रमाने द्यावी. मोठ्या पक्षाचा उमेदवार फलकांवरून सगळ्यांना ठाऊक होतो. बाकीच्या पंधरा-सोळा जणांना वाचायची संधीच मिळाली नाही, तर त्यांना क्रम द्यायचा तरी कशाच्या जोरावर?

या चारही गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या चौकटीत राहून, जिल्हा प्रशासनाच्या मदतीने आपलं कार्यालय यांतलं बरंच करू शकतं, आणि जिथे आयोगाची परवानगी लागेल तिथे ती मागण्याइतका अवधी अजून आहे.

संविधानकर्त्यांनी पदवीधराला वेगळा मतदारसंघ दिला, तो त्याने नीट वाचून, विचार करून, उमेदवारांची तुलना करून मत द्यावं म्हणून दिला असावा, असं मी मानते. एवढ्या सगळ्या नावांतून पहिला, दुसरा, तिसरा ठरवणं हे ते तुलनेचं काम आहे. ते कष्टाचं आहे, पण आमच्या आवाक्यातलं आहे. ते करायला आम्ही तयार होऊ. मतदानाच्या दिवशी आमच्या हातातला जांभळा पेन पहिल्या आकड्यानंतर थांबू नये, एवढी तयारी आपल्या कार्यालयाने आमच्याकडून करून घ्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघातील एक मतदार